रिकाम्या चौकोनातलं शून्य

संपादकांचा फोन आला तेव्हाच मी त्यांना सांगून टाकलं, की हलकंफुलकं काही मला जमणार नाही. "अहो, तीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काढलीत, वाचकांच्या गमतीजमती असतीलच की," ते म्हणाले. आहेत ना. पुस्तकात बांगड्याचं कालवण सांडून आणणारे आहेत, परीक्षेपुरती पानं फाडून नेणारे आहेत. पण त्यांच्यावरचा माझा राग केव्हाच संपला. ज्या कामावरचा राग अजून संपलेला नाही, ते काम मी ग्रंथालयाच्या बाहेर, कणकवलीतल्या माझ्या घरी, जेवणाच्या टेबलावर बसून केलं. आणि त्या रागातला बराचसा माझ्या स्वतःवरचा आहे. तो दिवाळी अंकात चालत असेल तर लिहिते, असं म्हटलं. ते म्हणाले चालेल. आता त्यांची जबाबदारी.

तर काम असं. एखाद्या आजारावर निरनिराळ्या डॉक्टरांनी निरनिराळ्या गावी अभ्यास केलेले असतात. कुणी वीस पानी, कुणी चार पानी. सगळे गोळा करायचे, चाळायचे, आणि कामाच्या प्रत्येक निबंधातून तेवढीच ठरावीक माहिती काढून एका तक्त्यात भरायची. रोगी किती, कुठले, काय उपचार, पुढे काय झालं. मग तो तक्ता बघून मोठी माणसं निष्कर्ष काढतात. याला पद्धतशीर आढावा म्हणतात. माझं काम फक्त माहिती काढायचं. पेडव्यातले काटे काढण्यासारखं आहे ते. मासा छोटा, काटे अमाप, आणि एक जरी राहिला तरी खाणाऱ्याच्या घशात.

पुण्याच्या एका संस्थेत आमच्या कॉलेजची एक जुनी विद्यार्थिनी होती, तिनं माझं नाव सुचवलं. दोन हजार सहा साल असेल. संस्थेच्या प्रमुख डॉक्टर बाई होत्या, सगळे त्यांना मॅडम म्हणत, मीही म्हणे. विषय होता सर्पदंश. ग्रामीण भागात साप चावलेल्या माणसाचं पुढे काय होतं, आणि सापाच्या विषावरचं औषध कुठे ठेवावं, गावच्या छोट्या केंद्रात की मोठ्या रुग्णालयातच, हा प्रश्न. निबंध एस.टी.च्या पार्सलनं येत. मी ते वाचायचे आणि संस्थेनं पाठवलेल्या कॉम्प्युटरच्या फॉर्मात भरायचे. तोच निबंध पुण्यात निखिल नावाचा मुलगा स्वतंत्रपणे भरी. कुठे काय भरलं याबद्दल आम्ही एकमेकांशी बोलायचं नाही. शेवटी दोघांचे तक्ते शेजारी ठेवायचे. जिथे जुळतं ते पक्कं, जिथे जुळत नाही तिथे मॅडमचा निकाल. मला ही पद्धत फार आवडली होती. दोघांना एकाच ठिकाणी ठेच लागणार नाही, असा माझा भाबडा समज होता.

आणि खोटं कशाला बोलू, मी या कामात हुशार निघाले. ग्रंथालयात कॅटलॉगची कार्डं लिहून नजर तयार झालेली. एकदा तीन निबंध आले, तीन वेगळ्या मासिकांतले, लेखकांची नावं उलटसुलट केलेली. तिन्हींत एका बाईचं वय एकशे तीन आणि ती म्हणे भात लावताना साप चावून आली! छपाईची चूक असणार, तीस-बत्तीसची असेल बिचारी. पण तीच चूक तिन्हीकडे? म्हणजे तेच रोगी तीनदा मोजून तीनदा छापलेले. मी फोन केला तर निखिल हसून हसून बेजार. "काकू, तुम्ही सी.आय.डी.त जायला हवं होतं." मी म्हटलं, मेल्या, हसतोस काय, तीन जणांना एकाच अभ्यासावर बढती मिळाली असेल. दुसऱ्या एका महाभागानं नुसता आलेख दिला होता, आकडा एक नाही. मी कंपासपेटीतली पट्टी घेऊन एकेक खांब मोजला. दुपारभर मोजला. त्या लेखकाला सुचलं नसेल, की आपण आळस केला तर कणकवलीत कुणा बाईची मान धरणार आहे.

आता मुद्द्याचं. फॉर्मात एक चौकोन होता, 'एकूण मृत्यू'. त्या चौकोनात फक्त आकडा बसे. अक्षर टाकलं की कॉम्प्युटर टुंग करून पुसून टाकी, आणि रिकामा सोडला तर पुढच्या पानावर जाऊ देत नसे. पहिल्याच आठवड्यात मी पुण्याला फोन करून विचारलं होतं, की निबंधात मृत्यूंबद्दल अवाक्षर नसेल तर काय टाकायचं? फोनवर कोण होतं आठवत नाही. उत्तर मात्र लख्ख आठवतं. "सध्या शून्य टाका, नंतर बघू."

मी टाकलं. निखिलनं टाकलं. जुळलं. जुळलं म्हणजे पक्कं. नंतर कुणीही बघितलं नाही. मी विचारलं होतं, म्हणजे मला खटकलं होतं, आणि तरी मी पुन्हा विचारलं नाही. पार्सलं येत राहिली, मी शून्यं टाकत राहिले.

दीड-दोन वर्षांनी, एका सकाळी अकराच्या सुमारास, शालूवयनी दारात उभी राहिली. माझा थोरला चुलतभाऊ बाळादादा, त्याची ही बायको. मिठबावच्या अलीकडे खाडीकाठी आमचं मूळ गाव, तिथे कलमांची बाग आणि पन्नासेक माड ती एकटी सांभाळते. एकटी, कारण बाळादादा साप चावून गेला. गडग्याचा, म्हणजे बागेच्या दगडी कुंपणाचा, ढासळलेला चिरा उचलायला गेला आणि खाली फुरसं होतं. उजव्या हाताच्या मधल्या बोटाला चावलं. त्या वेळी आमच्या आरोग्य केंद्रात औषध नव्हतं. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात नेलं, तिथलंही संपलेलं. सलाईन लावून ठेवला. दुसऱ्या दिवशी हिरड्यांतून रक्त यायला लागलं तेव्हा चिठ्ठी दिली, गोव्याला न्या.

त्यानंतर वयनीनं पदर खोचला. पंचक्रोशीतल्या प्रत्येक वाडीत फिरून तिनं अर्जावर सह्या आणि अंगठे गोळा केले, जिल्ह्याच्या ठिकाणी खेटे घातले, साहेब भेटत नाहीत म्हणून त्यांच्या दाराशी फतकल मारून बसली. शेवटी आमच्या केंद्रातल्या फ्रीजमध्ये औषधाच्या कुप्या आल्या. तो फ्रीज बघायला ती अधूनमधून जायची. नर्सबाई तिला दार उघडून कुप्या दाखवायच्या.

त्या दिवशी तिच्या हातात एका पत्राची झेरॉक्स होती. पाणीही न घेता ती म्हणाली, "गो सुमती, ह्या माका वाचून दाखय. नर्सबाय म्हणता औषद काढून नेतले. कित्याक नेतले?"

मी चष्मा लावला. पत्रात लिहिलं होतं, की अलीकडच्या एका आढाव्यानुसार किनारी भागातल्या ज्या रुग्णांना छोट्या ठिकाणांहून पुढे पाठवलं जातं, त्यांच्यात मृत्यू आढळत नाहीत. सबब औषधाचा साठा यापुढे मोठ्या रुग्णालयांतच ठेवावा.

मी पत्र पुन्हा वाचलं. सर्पदंश, किनारी भाग, पुढे पाठवलेले रुग्ण. असा दुसरा कुठला आढावा असणार? आमचं काम अजून पुरं व्हायचं होतं, पण मॅडमनी मधला गोषवारा वर आरोग्य खात्याकडे पाठवल्याचं मला माहीत होतं.

"माणसा मरणत नाय म्हणान लिवला हा?" वयनीनं विचारलं. "कोणी लिवल्यान ह्या?"

मी म्हटलं, "वयनी, जरा बस." कपाटातून किनारी भागाचे निबंध काढले. कुठल्याच निबंधात रुग्णालयाचं नाव नसतं, 'किनाऱ्यावरील एक ग्रामीण रुग्णालय' एवढंच असतं. त्यातल्या एकात शेवटच्या पानावर, पुढे पाठवलेल्या रोग्यांची छोटी यादी होती. मी ती पूर्वी वाचली होती, फॉर्मात उतरवलीही होती. आता मोठ्यानं वाचत गेले, तिला कळेल असं. "बागायतदार, पुरुष, वय चोपन्न. फुरसं. उजव्या हाताचं मधलं बोट. दुसऱ्या दिवशी हिरड्यांतून रक्तस्राव. पुढे पाठवला."

इथे मीच थांबले. बोट, वय, दिवस, साल. माझ्या सख्ख्या चुलतभावाचं बोट मी स्वतःच्या हातानं टाइप केलं होतं, आणि मला ओळखू आलं नव्हतं.

"ह्यो तोच," ती म्हणाली. "फुडे काय लिवलंस?"

"पुढे पाठवला एवढंच छापलंय."

"तां तेंनी लिवल्यानी. तू काय लिवलंस? तुझ्या दादाक तू खंय घातलंस?"

मी कॉम्प्युटर चालू करून तिला तो चौकोन दाखवला. तिला इंग्रजी येत नाही, पण शून्य सगळीकडे सारखंच.

मग तिनं मला तो प्रवास सांगितला. दहा वर्षं होत आली होती, मी कधी विचारला नव्हता. "कुडाळ मागे पडला नि तेचो हात थंड लागलो. मी ड्रायवराक म्हटलंय, जरा बघ रे. तेणी गाडी थांबवल्यान, बघल्यान. म्हणालो, वयनी, आता फुडे नेवन काय करतलास? थंय चिरफाड करतले, दोन दिवस देणत नाय. घराक जावया. नि पेट्रोलपंपार गाडी फिरयल्यान."

आमच्याकडे असंच करतात. हे मला माहीत होतं, आमच्या भागातल्या प्रत्येकाला माहीत आहे. माणूस वाटेत गेला की गाडी रुग्णालयात जात नाही, परत फिरते. देहाची विटंबना नको, पोलीस नकोत, तिन्हीसांजेच्या आत घरी न्यायचा. ग्रामपंचायतीत लिहितात 'अल्पशा आजाराने'. पाठवणाऱ्या रुग्णालयाला तो गेल्याचं कळत नाही, आणि पुढच्या रुग्णालयाला तो येणार होता हेच कळत नाही. निबंध लिहिणारा बाहेरचा होता, त्याला हे ठाऊक नसेल. निखिल पुण्यात वाढलेला. पण मी? मी त्या गाडीच्या वाटेवर जन्मलेली बाई! 'पुढे पाठवला' हे शब्द वाचून माझ्या मनात पहिल्यांदा परत फिरलेली गाडी यायला हवी होती. ती आली नाही, कारण मी तेव्हा फार शास्त्रीय झाले होते.

वयनी गेल्यावर लगेच मी पुण्याला फोन लावला. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "सुमतीताई, मी तुमचं दुःख समजू शकते. पण नियम तुम्हाला ठाऊक आहे. कागदावर नाही ते आपण लिहीत नाही. तुम्हाला खाजगीत जे कळलं ते तक्त्यात कसं घालणार?"

"मी माझ्या भावाला घाला म्हणतच नाहीये! मी म्हणतेय, ते शून्य काढा. शून्य तरी कुठे आहे कागदावर? कागदावर मृत्यूचा म सुद्धा नाही. नसलेलं आपणच लिहिलंय, मॅडम."

"दोघांचं जुळलं होतं."

"दोघांना एकाच चौकोनानं चूक करायला लावली, म्हणून जुळलं!"

मग त्या म्हणाल्या, की रुग्ण माझा नातेवाईक निघाल्यामुळे मी आता तटस्थ राहिलेली नाही, तेव्हा तो निबंध माझ्याकडून काढून घ्यावा लागेल. मला असा संताप आला म्हणून सांगू! बाळादादा मेला हे मला ठाऊक आहे म्हणून मी नालायक, आणि ज्याला काहीच ठाऊक नाही तो लायक. मी म्हटलं, "घ्या काढून. पण मी बाकीचे सगळे परत तपासणार, आणि जिथे जिथे आपण असं शून्य ठोकून दिलंय त्याची यादी तुम्हाला लेखी पाठवणार." आणि रिसीव्हर आपटला. आयुष्यात पहिल्यांदा.

तीन आठवडे मी तेच केलं. गठ्ठाच्या गठ्ठा परत वाचला. जिथे निबंधात 'एकही मृत्यू नाही' असं स्पष्ट छापलं होतं ती शून्यं राहू दिली. ती शून्यं कुणीतरी जबाबदारीनं लिहिली होती. बाकीच्यांवर लाल पेन्सिलीनं खूण केली. किती खुणा झाल्या ते सांगत नाही, लाज वाटते. दरम्यान निखिलचा फोन आला. बोलायचं नाही हा नियम त्यानं मोडला. "काकू, मीही विचारलं होतं सुरुवातीला. मलाही सध्या शून्य टाका असंच सांगितलं. तुमच्या यादीखाली माझीही सही घ्या." चांगला पोरगा. त्याची नोकरी तिथलीच होती, माझं काय जाणार होतं?

आढाव्यात शंका आली तर मूळ लेखकाला विचारायची रीत असते. मॅडमनी त्या निबंधाच्या लेखकाला पत्र धाडलं, उत्तर नाही. मी मासिकाच्या पत्त्यावरून माग काढून त्यांचा नंबर मिळवला. आता मोठ्या शहरात मोठे डॉक्टर झाले होते. मी विचारलं, पुढे पाठवलेल्यांचं काय झालं, हे तुम्ही कसं तपासलंत?

"बाई, आम्ही कसं तपासणार? पेशंट परत आला नाही, म्हणजे बरा झाला असं धरायचं. त्रास झाला असता तर आला असता ना?"

मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, मेलेला माणूस फॉलोअपला येत नाही."

त्यांनी फोन ठेवला. पण मॅडमना मी हे संभाषण शब्दशः लिहून पाठवलं, आणि एक गोष्ट त्यांच्या बाजूनं कबूल करायला हवी. ते वाचल्यावर त्या बधल्या. चौकोनाची कुलपं काढली गेली, अक्षरं बसू लागली, सगळ्या खुणांच्या जागी 'नोंद नाही' आलं. निष्कर्षातलं ते वाक्य गेलं आणि त्या जागी आलं, की पुढे पाठवलेल्या रुग्णांपैकी किती दगावतात हे या अभ्यासांवरून सांगता येत नाही. सांगता येईपर्यंत औषध जवळच्या केंद्रात ठेवावं. मला पुढचं काम मात्र कधी आलं नाही. पार्सलं बंद झाली. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

पण दुरुस्त गोषवारा वर जाणं, तिथे कुणीतरी तो वाचणं, मग नवं पत्र निघणं! चुकीचं वाक्य आमच्या गावापर्यंत यायला चार महिने लागले होते, बरोबर वाक्याला दोन पावसाळे लागले. त्या दोन पावसाळ्यांत आमच्या केंद्रातल्या फ्रीजमध्ये पोलिओचे डोस होते, आणि नर्सबाईंची पाण्याची बाटली.

अंतिम अहवाल छापून आला तो घेऊन मी गावी गेले. कुप्या परत आलेल्या होत्या, वयनी सकाळीच बघून आली होती. पडवीत सुपारी कातरत बसली होती. मी तक्त्याचं पान उघडलं, तिचं बोट धरून त्या चौकोनावर ठेवलं.

"ह्या काय लिवला हा?"

"नोंद नाही."

"म्हणजे तो मेलो, असा नाय?"

"नाय. पण तो जगलो, असा पण आता कोणी म्हणाचो नाय."

ती कितीतरी वेळ त्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिली. "बरा," म्हणाली. कातरलेली सुपारी माझ्यापुढे सारली. मला वाटलं, झालं. निदान तिच्यापुरतं तरी मी फेडलं.

मग तिनं अडकित्ता खाली ठेवला आणि माझ्याकडे नीट बघून विचारलं, "मगे गो सुमती, औषद नाय होता त्या दोन पावसाळ्यांत कितक्या गाडये कुडाळसून परत फिरले?"

मी ती माहिती कुठे शोधली नसेल? रुग्णालयं, ग्रामपंचायती, नर्सबाई, ड्रायव्हर. सगळीकडे अल्पसा आजार. या कामात जे एक शिकले तेवढंच खरं उत्तर माझ्यापाशी होतं, आणि ते तिच्या तोंडाकडे बघून देता येईना, म्हणून मी खाली सुपाऱ्यांकडे बघत दिलं.

"नोंद नाय, वयनी."